पोटावरचे पांढरे पट्टे

२०१९ साल. केजच्या स्टँडवर मी पाटोद्याच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारी एक नवरा-बायको, मध्ये रिमोटचं विमान. मोटार दुरुस्त करून आणलेली.

बाई म्हणाल्या, “पंख वरून लाल, खालून बी लाल. आपल्या सुरजनं काय सांगितलं हुतं?”

“पंखाला चिटकवायची त्याची लालच फिल्म उरलती.”

“खालून पांढरे पट्टे पायजेत. न्हाईतर आभाळात पोट कुठलं, पाठ कुठली, कळत न्हाई.”

“तुला लई कळतं.”

“फिल्म चिटकवायला इस्त्री मीच तापवून द्यायची की पोराला.”

“पोरगं कॅनडात. उडवणार कोण?”

“दिवाळीला येतो म्हणलाय.”

“मागल्या दिवाळीला बी म्हणलता.”

“मग तुमी कावून इस्त्री फिरवत बसलता?”

“उघडे पंख बघवंना.”

“पांढरी फिल्म घेतलीय मी. घरी गेल्यावर लावू.”

“मला न सांगता घेतलीस?”

“तुमी तरी कुठं सांगितलं हुतं?”

त्या गाडीत राधाकिशनराव आणि छबुबाईंशी ओळख झाली, ती टिकली. सुरज अजून तिकडंच आहे. राधाकिशनराव विमान उडवायला शिकले, पण आता त्यांना लांबचं दिसत नाही. छबुबाई बांधावरून सांगतात, “पट्टे दिसत्यात. सरळ हाय.”