पर्याय नसलेला पेपर

गणित शिकवतो म्हणून मिरवणाऱ्यांनीच या पोरांचं गणित मारलंय. हे ऐका आता.

लातूरच्या एका क्लासमध्ये मी जेईईच्या बॅचला नुकताच शिकवायला लागलो होतो. पहिल्याच चाचणीत दहा गणितं दिली आणि मुद्दाम खाली चार पर्याय दिले नाहीत. पाच मिनिटांत बॅचमध्ये पहिली येणारी चाकूरची मुलगी उठली.

"सर, पेपर अर्धाच छापलाय."

"पूर्ण आहे. सोडव."

"पण पर्यायच न्हाईत, मग एकेक गणितात ठेवून कुठला जुळतो ते बघायचं कसं?"

बाकीची साठ डोकी माझ्याकडेच बघत होती. एकाचंही पेन हललं नव्हतं.

तेवढ्यात क्लासचे मालक आले आणि माझ्यावरच उखडले. "पालकांना काय सांगू मी? आत्ता पर्याय टाका, न्हाईतर उद्यापासून येऊ नका."

"मी टाकणार नाही," मी म्हणालो.

मग त्यांनी खालच्या झेरॉक्सवाल्या चाचांना वर बोलावलं. "चाचा, मी पर्याय लिहून देतो. लगेच छापून आणा."

चाचांनी पेपर उलटसुलट करून पाहिला. "छापतो की साहेब. पण उत्तरं बी आपणच छापून द्यायची, तर ह्या लेकरांनी करायचं काय?"