नव्वदचे ऐंशी

दुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या शिंपीकाकांचे कान इतके तिखट, की सुई पडायच्या आधीच त्यांना ऐकू यायची. पुढे एक जोडपं होतं. नवऱ्याच्या काखेत घरचा राउटर.

“कंपनीच्या सॉफ्टवेअरवर नव्वदचा स्पीड होता. मी हौसेनं ते फुकटचं, खुलं सॉफ्टवेअर घातलं, तर ऐंशी! सात वेळा मोजलं.”

“घर रिकामं असताना मोजता तुम्ही,” बायको म्हणाली. “ संध्याकाळी पोरं सिनेमे लावतात तेव्हा मोजा.”

“तेव्हा का?”

“तुमच्या ताईंचा व्हिडिओ कॉल तेव्हाच येतो. बाबांना ऐकू येत नाही, ओठ बघून समजून घेतात बिचारे. कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चित्र अडकायचं, की ताईंचा वासलेला आ तसाच. काय कळणार?”

“हो हो म्हणायचे की.”

“जेवलात का? हो. पडलात का? तरी हो!”

“मग आता, या नव्यावर?”

“काल भांडले.”

“बाबा? ताईशी?”

“ताई म्हणाल्या, मिशी काढा. बाबा म्हणाले, तुझ्या आईनं मिशी बघूनच होकार दिला होता. अर्धा तास जुंपली होती, चित्र एकदाही अडकलं नाही.”

“मला नाही सांगितलंस!”

“तुम्ही स्पीड मोजत होता.”

“बोला साहेब,” दुकानदार म्हणाला, “कंपनीचं सॉफ्टवेअर परत घालायचंय ना?”

“छे छे. याचं झाकण जरा सैल झालंय, तेवढं आवळून द्या. आणि लवकर हं, सहाला कॉल असतो.”