आमच्या पुतळाचं खानदान

नाही, मला एक सांगा, खुलं म्हनजे काय असतं? दार उघडं, या, बसा, पानी घ्या... याला खुलं म्हनतात ना? का दाराला कुलूप, चावी आत, आनि बाहेर पाटी, 'सर्वांसाठी खुले', हे खुलं? चार दिवस! चार दिवस मी त्या कॉम्प्युटरसमोर बसलो, मान आखडली, डोळे कोळंबीसारखे बाहेर आले... कशापायी? तर एका घोडीच्या आईचं नाव काय, एवढं बघायला!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी सुधीर भोईर, नावड्याचा. तळोज्याची कंपनी सुटली आनि मामेभावाचा तबेला बंद झाला, दोन्ही एकाच महिन्यात, तर त्याची वरातीची घोडी मी घरी आनली. पांढरीफेक! नाव पुतळा. का? तर हलायची नाही म्हनून. डीजे लावा, फटाके फोडा, नवऱ्याचा काका अंगावर नाचत येऊ दे... हिचा कान हलनार नाही! लोक लांबून विचारायचे, "सुदीर, तुझी ती संगमरवरी घोडी मोकळी हाय का?"

तर मागच्या वैशाखात खारघरला वरात. सकाळची. नवरदेव आशुतोष, चष्मा, मुंडावळ्या, अगदी गरीब मुलगा. शाळेसमोरून चाललोय आनि शाळेची बेल वाजली. टर्रर्र! तुमाला सांगतो, माझ्या हातात लगाम होता आनि पुढच्या सेकंदाला नव्हता! पुतळा सुटली! अशी सुटली, अशी सुटली, की बॅन्डवाल्यांचं गानं अर्ध्यात, मंडप मागे, मेट्रोचे खांब मागे, सिग्नल लाल, हिला काय? नवरदेव मानेला मिठी मारून "आईईई", नवरदेवाची आई मागून "आशूऽऽ", आनि मी जरीचा फेटा घालून त्यांच्या मागे! दोन सेक्टर पार करून बाईसाहेब आपल्या आपन थांबल्या, मान वर, इकडे तिकडे बघतायत, जशी काय आता कोनी हार घालनार आहे. नवरदेवाला खरचटलंसुद्धा नाही. नवऱ्या मुलीला विचाराल तर ती म्हनाली, "हा एवढ्या जोरात कधीच आला नव्हता."

आता त्या वरातीत एक बाई होत्या, डॉक्टर वैदेही, जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी पुतळाचा पाय दाबून बघितला. पुतळानं पाय झटकला. मला म्हनाल्या, "काका, ही वरातीची घोडी नाही. ही रेसची आहे. बेल ऐकून सुटली. आणि पायाची शीर जुनी दुखावलेली आहे, डांबरावर अजून नाचवाल तर कायमची बसेल."

मला कसं झालं सांगू? चार वर्षं मी समजत होतो, घोडी शहानी आहे म्हनून उभी राहते. तिचा पाय दुखायचा हो! दुखायचा म्हनून हलत नव्हती... आनि आमी टाळ्या वाजवायचो.

त्या दिवसापासून वरात बंद. पन तिला ठेवू कुठे? घरामागे पत्र्याची शेड, पलीकडे कंपनीचा धूर. डॉक्टर म्हनाल्या, कर्जतच्या बाजूला रेसमधून निवृत्त झालेल्या घोड्यांचं कुरन आहे, हेतल म्हनून बाई चालवतात, मरेपर्यंत सांभाळतात. एकच जागा राहिली आहे, रविवारपर्यंत. फक्त एक, घोडी नोंदलेली पाहिजे. "सोपं आहे काका. घोड्यांच्या वंशावळीचं रेकॉर्ड ऑनलाइन आहे. सगळ्यांसाठी खुलं. दोन मिनिटांचं काम!"

दोन मिनिटं!

बसलो. शेजारी आमची रुतिका, नेरूळच्या कॉलेजात आहे, तिचं बोट माझ्यापेक्षा जलद. वेबसाइट उघडली. पहिलाच प्रश्न, घोडीचं नाव. लिहिलं, पुतळा. 'आढळले नाही.' बरोबर आहे, रेसमध्ये हिला पुतळा कोन म्हनेल? खाली लिहिलंय, 'नाव माहीत नसल्यास आईच्या नावाने शोधा.' बरं. आईचं नाव कसं कळेल? तर 'घोडीचे नाव टाका.' म्हनजे पोरगी सापडायला आई पाहिजे, आनि आई सापडायला पोरगी! आनि म्हने सगळ्यांसाठी खुलं!

रुतिका म्हनाली, "पप्पा, मेंबर झालं की घोडीच्या मानेतल्या चिपच्या नंबरानं शोधता येतं." म्हटलं, होऊ मेंबर! अर्ज उघडला. पहिली अट, 'अर्जदाराकडे नोंदणीकृत घोडा असावा.' अरे, तेच तर बघायचंय ना, नोंदलेली आहे का! त्यात मधेच 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा'. नऊ फोटो आले. 'घोडा असलेले फोटो निवडा.' कोनाला सांगतोय? मला! रोज शेन भरतो मी! निवडले. 'पुन्हा प्रयत्न करा.' परत निवडले. 'पुन्हा प्रयत्न करा.' रुतिका म्हनाली, "पप्पा, तिसरं खेचर आहे." म्हनजे मी यंत्र पन नाही आनि मानूस पन नाही, मधलंच काहीतरी!

वेबसाइटवरच्या नंबरावर फोन लावला. अर्धा तास सनई. मग एक गोड आवाज, "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू? आईचं नाव सांगा."

म्हटलं, "धोंडूबाई."

"स्पेलिंग?"

तेवढ्यात आतून आमची म्हातारी ओरडली, "कोन हाय रं? कोन माजं नाव इचारतंय?"

तिकडून, "सर, धोंडूबाई या नावाची घोडी आमच्याकडे नाही."

आता सांगा, माझी काय अवस्था? आई दारात उभी, फोन स्पीकरवर! दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवन वाढायची, पन ताट असं आपटून. आनि म्हने सगळ्यांसाठी खुलं!

शनिवारी सकाळी डॉक्टर वैदेहीच नावड्याला आल्या. त्यांचं स्वतःचं लॉगिन होतं. शेडमध्ये पुतळाच्या मानेवरून चिप वाचायचं यंत्र फिरवलं, टीक! पंधरा आकडे. तिथंच त्यांच्या मोबाईलवर टाकले. गोल फिरतंय, फिरतंय... आनि उघडलं! तुमाला सांगतो, अंगावर काटा! आमची पुतळा म्हनजे 'मॅडम मार्मालेड'! आई 'जिंजर टॉफी', आजी 'प्लम केक', पनजी कोनतरी 'लेडी बिस्किट'. सगळं खानदान बेकरीतलं! मागे मागे, विलायतेपर्यंत, अडीचशे वर्षं, एक नाव चुकलेलं नाही. रुतिका मोठ्यानं वाचतेय, आई पन राग विसरून ऐकायला बसली.

आनि सगळ्यात खाली एक ओळ. 'स्थिती: मृत.' सहा वर्षांपूर्वी!

मी मागे वळून बघितलं. मृत घोडी खुंटीवरच्या माझ्या फेट्याचं टोक खात होती.

परत फोन. परत सनई. "सर, रेकॉर्डप्रमाणे मॅडम मार्मालेड वारल्या आहेत."

"अहो बाई, माझ्यासमोर उभी आहे!"

"मग जिवंत असल्याचा अर्ज मालकानं करायचा, सर."

"मी मालक!"

"तसं नोंदीत नाही, सर. आणि वारलेल्या घोडीची मालकी बदलता येत नाही."

"मग मी करू काय?"

"सर, आमच्या सेवेला किती गुण द्याल? एक ते पाच."

मी फोन ठेवला. खरं सांगू? डोळ्यांत पानी आलं. उद्या रविवार. आनि पुतळा तीन पायांवर भार देऊन उभी.

डॉक्टरांनी सरळ हेतलबाईंना व्हिडीओ कॉल लावला, कॅमेरा पुतळाच्या तोंडासमोर धरला, मग चिपचा नंबर दाखवला, मग ती 'मृत'ची ओळ. हेतलबाई दोन मिनिटं बघत राहिल्या आनि म्हनाल्या, "नंबर जुळतो ना? मग मला मेलेली चालेल. गवत खाते का?"

"खाते!"

"आणा उद्या."

रविवारी टेम्पोतून नेली. कुरनात सोडली. पहिल्यांदा उभीच राहिली, पुतळ्यासारखी. मला वाटलं, झालं. मग पायाखाली डांबर नाही, माती आहे, हे तिला कळलं बहुतेक. एक पाऊल टाकलं. दुसरं. आनि दुडकी! चार वर्षांत मी तिला स्वतःहून चालताना बघितलं नव्हतं हो... मागे वळून बघितलं पन नाही तिनं माझ्याकडे. बरं केलं. बघितलं असतं तर मी परत टेम्पोत घातली असती.

आता आठवड्यापूर्वीची गोष्ट. रुतिकाच्या जातीच्या दाखल्यासाठी खिडकीवर गेलो. आतला मानूस चांगला होता, समजावून सांगत होता, "वंशावळ लिहा. तुम्ही, वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा."

मी पेन उघडलं. सुधीर. पोपट. रामचंद्र. आनि थांबलो. घरी फोन केला, आई म्हनाली, "तुज्या आज्याच्या बापाला सगली 'बाबा' म्हनायची, नाव कोनाला ठावं?"

खिडकीतला विचारतोय, "काका, पुढे?"

म्हटलं, "साहेब, घरचं इथंच संपलं. घोडीचं विलायतेपर्यंत पाठ आहे, लिहू का?"