खांदा आणि ठराव

तुम्ही हसान, पण माह्यासारखा शहाणा आपल्या गावात दुसरा नाई.

मध काढता काढता झाडावरून पडलो, तवापासून मी व्हीलचेअरवर. दहा वर्षं झाली, मुरमाच्या रस्त्यानं हातानं चाकं ढकलून ढकलून दोन्ही खांदे गेले. घास तोंडापर्यंत कसाबसा येते, त्याच्या वर हात जात नाई.

परवा ग्रामसभेत ठराव आला, माह्या घरापासून शाळेपर्यंत सिमेंटचा रस्ता. सगळ्यांचे हात वर, माहा एकट्याचा खाली.

अध्यक्ष म्हणे, "काऊन भाऊ, तुलेच रस्ता नाई पाहिजे?"

"पाहिजे ना! हात उठत नाई."

"तोंडचा होकार इथी चालत नाई. एकूण एक हात वर दिसला पाहिजे. हा नियम कोनं केला होता?"

मीच केला होता. तेंदूपत्ता विकायच्या ठरावाच्या वेळी लोक 'हो हो' म्हणून मंग पलटले, तवा मीच भर सभेत ओरडून हा नियम लावून घेतला होता.

बायको उठून आली अन् माहा हात धरून वर ओढला. मी असा बोंबललो का अर्धी सभा उभी झाली.

अध्यक्षानं मान हलवली. "दुसऱ्यानं उचललेला हात मोजता येत नाई, भाऊ. ठराव पुढच्या सभेत घेऊ. तोवर तू खांद्याले आराम दे."

"देतो," म्हटलं, अन् घरी जायले चाकाले हात लावले.