यादीच्या दिवशीचं जेवण

पोलोनिया : तिथे नको, तिथे नको! आणखी पुढे घे गाडी. फेलिसिताच्या दारात उभी केलीस तर सगळ्यांना वाटेल तू तिच्याकडे आलास.

लिनो : मावशी, पुढे नुसती वाळू आहे. चाक रुतेल.

पोलोनिया : रुतू दे! चार दिवस माझ्या दारात राहील, माझी काही हरकत नाही. हं, अशी. आता उतर आणि त्या बायकांना हात कर. कर की! राष्ट्रीय फुटबॉल संघाचा कोच झालास म्हणून हात जड झाला का रे तुझा?

लिनो : केला. आत चल ना, मावशी. मला तुझ्याशी बोलायचंय.

पोलोनिया : बोलायलाच तर आलास. डोकं सांभाळ, चौकट तेवढीच आहे, तूच वाढलास. अठ्ठावीस वर्षांनी पाय ठेवतोयस या घरात. बस. तिथे नको, ती क्रिसांतोची खुर्ची... नाही, बस, आज तूच बस तिच्यावर. तो असता तर त्यानंच बसवलं असतं.

लिनो : काका गेल्याचं मला मेक्सिकोत, मॉन्तेरेला कळलं. यायला जमलं नाही.

पोलोनिया : जाऊ दे. आज आलास, भरून पावले. आता तुला काय म्हणायचं? सगळे कोचला म्हणतात तसं, प्रोफे? माझ्या जिभेला वळण लागायला वेळ लागेल हं. शेंबडा लिनोच येतो तोंडात.

लिनो : लिनोच म्हण. ओल्विन कुठाय?

पोलोनिया : किनाऱ्यावर धावतोय. काल तुझ्या कॅम्पातून आला तेव्हापासून घरात बूड टेकत नाही त्याचं. पाच वाजता रेडिओवर तेवीस नावं वाचणार ना तुम्ही! थांब, फेलिसिताला सांगते हाक मारायला. तिचा आवाज पार बेटांपर्यंत जातो.

लिनो : नको! नको, राहू दे त्याला. आधी तुझ्याशी बोलू दे.

पोलोनिया : तेही खरंच. तुझ्या आधीचे कोच, प्रोफे ओसेगेराही आधी आईलाच सांगायचे. हात धू. माचुका तयार आहे. केळी पहाटेच कुटून ठेवलीत, नारळाच्या दुधात तांबोशी सोडलीय, डोक्यासकट. तुला डोकं लागायचं ना? क्रिसांतोशी भांडायचास डोक्यावरून.

लिनो : मी येणार हे तुला कोणी सांगितलं?

पोलोनिया : कोणी कशाला सांगायला हवं? यादीचा दिवस आहे. यादीच्या दिवशी मी माचुका करतेच. अकरा वर्षं करतेय.

लिनो : मला समजलं नाही.

पोलोनिया : अरे, प्रोफे ओसेगेरांची पद्धत! तुला ठाऊक नाही? हां, तू होतास मेक्सिकोत. पोराला पहिल्यांदा संघात घेतलं की यादी वाचायच्या आधी ते स्वतः त्याच्या घरी यायचे. अकरा वर्षांत एक घर चुकवलं नाही त्यांनी. यायचे, आईच्या हातचं जेवायचे, मग सांगायचे, 'बाई, तुमचा मुलगा आता सगळ्यांचा.' पांढरी पिकअप होती त्यांची. ती गावात वळली की बायका चुली सोडून दारात.

लिनो : आणि ज्यांना घेतलं नाही त्यांना?

पोलोनिया : त्यांना रेडिओ. नाव नाही आलं तर नाही आलं. गपचूप बंद करायचा आणि निजायचं. लिनो, तुझा चेहरा असा का झालाय? उन्हातून आलास, पाणी पी आधी.

लिनो : मला हे कोणी सांगितलं नाही, मावशी. एकानंही नाही.

पोलोनिया : सांगायचं काय त्यात? तू केलंस ना तेच. आपल्या किनाऱ्याचं रक्त आहे, न सांगता कळलं तुला. ऐक तर. पहिल्या वर्षी पिकअप वळली ती थेट पलीकडच्या गावात गेली. तिसऱ्या वर्षी वाटलं, थांबली. तर ती फेलिसिताच्या दारात. तिच्या दार्विनसाठी. मी माझं भांडं उचलून तिच्याकडे नेलं, तिच्याकडे तयारीच नव्हती. प्रोफेंनी माझं माचुका खाल्लं आणि तिचं कौतुक केलं! मी एक शब्द बोलले नाही.

लिनो : मावशी...

पोलोनिया : आणि क्रिसांतो! यादीच्या दिवशी धुतलेला शर्ट घालून याच खुर्चीत बसायचा, दारात. मासेमारीला जायचा नाही त्या दिवशी. ओल्विन चिडायचा, 'बाबा, आत या, लोक हसतात.' हा म्हणायचा, 'मी वारा खातोय.' एकदा प्रोफेंनी चालत्या गाडीतून हात केला त्याला. आठवडाभर सांगत फिरला गावात. शेवटच्या दुखण्यातसुद्धा मला म्हणाला, 'यादी असेल तेव्हा माचुका करत जा गं, पोर एकटं पडेल.' आणि आज गाडी थांबली, लिनो. माझ्या दारात. पोराला एकतीस वर्षं झाली, मी आशा सोडली होती खरं तर. हात चालायचे, मन नाही. खा ना रे. घास तर घे.

लिनो : मावशी, चमचा ठेव खाली. ऐक. मी ओल्विनला घेतलेलं नाही.

पोलोनिया : काय?

लिनो : तेविसात त्याचं नाव नाही. तेच सांगायला आलो होतो.

पोलोनिया : नाव नाही. मग आलास कशाला?

लिनो : तेच सांगायला. मॉन्तेरेला खेळत होतो तेव्हा मला देशाच्या संघातून काढलं ते मी न्हाव्याच्या दुकानात पेपरात वाचलं. शेजारी बसलेला माणूस मोठ्यानं वाचत होता. तेव्हाच ठरवलं होतं, मी कोच झालो तर ज्याला काढेन त्याच्या घरी जाऊन, तोंडावर सांगेन. कॅम्पात चाळीस होते. सतरा जणांना सांगायचंय. मला वाटलं हेच माणुसकीचं.

पोलोनिया : माणुसकीचं.

लिनो : इथून सुरुवात केली. म्हटलं पहिलं घर तुझंच असावं.

पोलोनिया : तुझं भलं होवो बाबा. रेडिओवर कळलं असतं तर मी रेडिओसमोर रडले असते. आता तू पाहुणा. ताट वाढलेलं. पाहुण्यासमोर रडायचं तरी कसं? बाहेर बायका जमल्यात, ढोल आणायला गेलीय फेलिसिता. त्यांना काय सांगू मी? गाडी चुकून थांबली?

लिनो : मी सांगतो त्यांना.

पोलोनिया : तू काही सांगू नकोस! तू आणखी कुणाला काही सांगू नकोस. सतरा म्हणालास ना? आणखी कोणाकोणाकडे जाणार आहेस?

लिनो : या किनाऱ्यावरची तीन घरं माझ्याकडे. बाकीच्यांकडे माझे दोघं मदतनीस निघालेत.

पोलोनिया : फोन कर त्यांना. आत्ता, माझ्यासमोर. परत बोलाव. सोळा घरांत सोळा बाया चुलीपुढे बसल्या असतील, मूर्खा. तुझ्या माणसांची गाडी दिसली की काळजात काय होईल त्यांच्या! कर फोन.

लिनो : हॅलो, रामोन? कुठे पोचलास? नाही, आत जाऊ नकोस. त्याची आई दारात आलीय? मग... मग सांग, रस्ता चुकलो. हो, तसंच सांग आणि वळ. मेल्विनलाही कळव. कारण नंतर सांगतो.

पोलोनिया : एकीच्या दारात पोचलाच.

लिनो : हो.

पोलोनिया : देवा रे. बरं, आता मला सांग. कमी पडला का माझा मुलगा?

लिनो : मावशी, शेवटची जागा होती. बचावातली. दोघं होते, ओल्विन आणि चोलुतेका शहरातला एक पोरगा.

पोलोनिया : मी काय विचारलं? कमी पडला का?

लिनो : नाही.

पोलोनिया : मग?

लिनो : एकोणीस-वीस होते दोघं. खरं सांगायचं तर... वीस ओल्विनच होता.

पोलोनिया : मग, लिनो?

लिनो : माझी पहिली यादी आहे. आपल्या किनाऱ्याचे सहा जण आहेतच तिच्यात. सातवा माझ्या स्वतःच्या गावचा, एकतिशीचा, ज्याला आजवर कुणी बोलावलं नाही, ज्याच्या घरी मी लहानाचा मोठा झालो. उद्याच्या पेपरात काय छापून येईल? कोचानं घरचा माणूस घुसवला. मग त्या सहा जणांकडेही लोक त्याच नजरेनं बघतील. ज्या दिवशी हरू त्या दिवशी तोंड उघडायची सोय राहणार नाही मला.

पोलोनिया : म्हणजे तो परका असता तर आज आत असता.

लिनो : हो.

पोलोनिया : तुझी आई न्यूयॉर्कला गेली तेव्हा तू सात वर्षांचा. मी तुला आत घेतलं. ओल्विन झाला तेव्हा त्याला एका हातावर घेऊन दुसऱ्या हातानं तुला वाढलंय मी. आणि तीच माझ्या पोराची चूक ठरली?

लिनो : मला झोप नाही तीन रात्री.

पोलोनिया : मग मी काय करू? अंगाई म्हणू? मला तुझा राग येतोय, लिनो. असा येतोय की ते मुसळ उचलून तुझ्या टाळक्यात घालावं. परक्यांनी अकरा वर्षं डावललं ते मी गिळलं. तुझं गिळता येत नाही.

लिनो : अजून पाच वाजायचेत. मी नाव बदलू शकतो.

पोलोनिया : बदलशील?

लिनो : थांब, मेल्विनचा फोन आला का बघतो.

पोलोनिया : बघ. विचारलं काय आणि फोन कसला काढतोस. नाही बदलणार तू. आणि चोलुतेकातही त्या पोराची आई असेलच की, रेडिओ लावून बसलेली. राहू दे.

लिनो : ओल्विनला मी सगळं खरं सांगेन. त्याचा हक्क आहे तो. शिव्या दे म्हणेन.

पोलोनिया : अजिबात नाही.

लिनो : मावशी, निदान तेवढं तरी...

पोलोनिया : ऐक माझं. तू त्याला सांगायचंस, तू कमी पडलास. पाय कमी पडले म्हण, दम कमी पडला म्हण, काय वाटेल ते म्हण. एकतिशीत माणसाला ते पटतं. चार दिवस पडून राहील, मग उठून जाळं विणायला बसेल. पण तू या गावचा म्हणून, या घरचा म्हणून तुला वगळलं असं त्याला कळलं ना, तर तो या उंबऱ्यावर थुंकेल रोज. मी तुला जेवू घातलं म्हणून माझ्याकडे बघणार नाही. तू संध्याकाळी गाडीत बसून जाशील, लिनो. त्याला इथेच राहायचंय. मला त्याच्याबरोबर राहायचंय.

लिनो : मी त्याच्याशी खोटं बोलू?

पोलोनिया : खरं बोलायला आला होतास ना मोठा? झालं तेवढं पुरे. आणि जेव. ताट तसंच टाकून उठलास तर बाहेरच्यांना लगेच कळेल. डोळे पूस आधी. मी नाही रडत तर तू कशाला रडतोस?

(दारात पावलं वाजतात. ओल्विन आत येतो. पोटऱ्यांना ओली वाळू.)

ओल्विन : प्रोफे. गाडी दिसली मला वळणावरूनच.

पोलोनिया : पाय झटकून ये. सगळी वाळू आत आणलीस.

ओल्विन : फेलिसितामावशी गळ्यात पडली माझ्या. ढोल बडवायला बसल्यात सगळ्या. मी म्हटलं, थांबा जरा. आई, तू माझ्याकडे का बघत नाहीयेस?

लिनो : ओल्विन, बस.

ओल्विन : उभाच बरा आहे. सांगा.

लिनो : तुझं नाव नाही यादीत.

ओल्विन : हं.

लिनो : मला तुमची इथली पद्धत ठाऊक नव्हती. मी येऊन सगळ्यांची फसवणूक केली, त्याची माफी मागतो.

ओल्विन : ते असू दे. का नाही, ते सांगा.

लिनो : तू... वळताना कमी पडलास. पहिली दोन पावलं. मागून पळणारा तुला गाठत होता.

ओल्विन : शुक्रवारचा सामना ना? तो डावीकडून निसटला आणि मी पाठ बघत राहिलो. तेव्हाच मनात चुकचुकलं होतं. दहा वर्षांपूर्वी नसता निसटला तो.

लिनो : नसता निसटला.

ओल्विन : बरं. ठीक आहे. आई, अगं, रडू नकोस ना. वय झालं माझं, त्यात कुणाचा काय दोष? बाहेर मी सांगतो त्यांना, तू नको जाऊस. ढोल आणलाच आहे तर वाजवा म्हणावं, आपल्या गावचा माणूस देशाचा कोच झालाय, त्याच्यासाठी वाजवा.

पोलोनिया : सांग बाबा. तूच सांग.

ओल्विन : आणि प्रोफे, तुम्ही स्वतः आलात ते बरं केलंत. एक सांगू? कॅम्पात पोरं रोज डिवचायची मला. म्हणायची, तू त्याच्या गावचा ना, तुला तो मुद्दाम वगळणार बघ, स्वतःचं नाव राखायला. एका रात्री तर हातघाईवर आलो मी. म्हटलं, तोंड सांभाळून बोला, लिनोदादा माझ्या आईच्या हातचं खाऊन मोठा झालाय, तो असं कधी करायचा नाही. बसा ना, दादा. उठलात कशाला?