नळी बदललेली बंदूक

एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीआधी नेमबाजीची परीक्षा असते. त्या रांगेत उभ्या असलेल्या उन्नीच्या कानावर पुढच्या दोघांचं बोलणं पडत होतं: म्हातारी ओलाउग आणि तिचा शेजारी एगिल.

“मावशी, ही बंदूक युद्धात जर्मन सैनिकांनी मागे टाकलेली ना?”

“हो. चाळीस वर्षं आमच्या ह्यांच्या खांद्यावर होती.”

“तिचा धक्का सोसवेल तुम्हाला? खांद्याचं ऑपरेशन झालंय. नापास झालात तर यंदा रान बंद!”

“जुनी नळी काढून टाकली. आता बारीक काडतुसाची बसवलीय, धक्का निम्म्यावर आला.”

“त्यापेक्षा नवीच घ्यायची.”

“हे लाकूड ह्यांच्या गालानं गुळगुळीत झालंय रे. ते कुठल्या दुकानात मिळेल?”

ओलाउगचं नाव पुकारलं गेलं. पाच गोळ्या झाडून ती परत आली, तोवर एगिल दुर्बिणीतून लक्ष्य बघतच होता.

“पाचही वर्तुळात! नळी बसवली कोणी?”

“तुरगेरनं.”

“त्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या तुरगेरनं? त्याला तर धड दिसतही नाही हल्ली!”

“त्याच्या बोटांना दिसतं. बाहेर गाडीत बसलाय, काच खाली करून गोळ्यांचे आवाज ऐकत. पळ, सांग त्याला.”

एगिल रांग सोडून पळाला. उन्नीने त्याची जागा धरून ठेवली.