रातभर बत्ती

कुणाल : ताट उचल आये. वास नको वाटतो.

कमळा : रातभर राबून आलास, सकाळचे सात वाजले. दोन घास खा. जवळा केलाय, तुझ्या आवडीचा.

कुणाल : दोन वाजता गोदामात बिर्याणी गिळली, चारला वडापाव. फुकट हाय म्हणून सगळे गिळतात, मी पण. भूक नव्हती. अजून आंबट ढेकर येतायत. माझी मलाच शिसारी येते.

बाळाराम : खायला घालतात त्याची पन शिसारी? आमाला कुनी घातलं?

कुणाल : बाबा, वर्षात चौदा किलो वाढलं. शर्टाची बटणं लागत न्हाय. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर पण वाढायला लागली.

कमळा : मी तर तुझा भात बंद केला. दुपारी एकच भाकर देते.

कुणाल : त्यानं काय होतंय? त्या म्हणाल्या, किती खातोस तेवढंच कधी खातोस तेही बघ. शरीराला आपलं घड्याळ असतं. रात्री ते पचवायचं काम मंद करतं, तेव्हा खाल्लेलं अंगावर चढतं. त्यात दिवसा धड झोप न्हाय, म्हणून खा-खा सुटते. रात्रपाळी सोड म्हणाल्या.

बाळाराम : सोड म्हनायला त्यांचं काय जातं? अंजूरची जमीन गोदामाला दिली तवा मी हात जोडून ही नोकरी मागितली. घरातला एक मानूस घेतील, असं ठरलं. तू सोडलीस तर परत कोन घेनार?

कुणाल : एकदा आत येऊन बघा. आपल्याच जमिनीवर, पत्र्याखाली, रातभर सगळ्या ट्यूब चालू. खिडकी न्हाय. दुपार हाय का रात, कळत न्हाय. पोरं पेंगू नयेत म्हणून दर दोन तासाला खायला देतात.

बाळाराम : एक पन खिडकी न्हाय?

कुणाल : न्हाय.

बाळाराम : कमळे, ताट उचल.

कमळा : आता तुमाला काय झालं?

बाळाराम : तिथंच आपली पोल्ट्री होती ना. मी रातभर बत्ती ठेवायचो. कोंबड्यांना दिवसच वाटायचा, खात बसायच्या. चाळीस दिवसांत दोन किलो. शेवटी पायावर उभं ऱ्हावत नव्हतं त्यांना. आन मी वजन बघून खुश. थू.

कुणाल : बत्ती बंद कधी करायचो आपण?

बाळाराम : कोंबड्या कापायला न्यायची गाडी यायची त्या राती.

कमळा : अहो, पोरासमोर काय बोलता.

बाळाराम : कुणाल, खिडकी लाव आन झोप. आज ड्युटीला जायचं न्हाय.